टाच टेकत नाही

२ मार्च
सकाळची विचारपूस. सूनबाईचा खोकला उतरला. लेकाची, सुभाषची, पाठ एसटी चालवून चालवून धरलीय, तेल चोळून दिलं. म्हशीनं चारा खाल्ला. नातीला विचारलं, "नंदा, पाय कसा हाय बाई?" म्हणाली, "पाय बरा हाय तात्या. कवा तरी मला बी विचारा की." मी हसलो. ती हसली नाही.
तिच्या दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी कडी. ऑपरेशनात हाड कापलंय. दिवसातून चार वेळा नट पाव फेरा फिरवायचे, भेग तेवढी रुंदावते, तिथं नवं हाड भरतं. फिरवायचं काम माझ्याकडं. पोलीस भरतीत उंची दोन बोटं कमी पडली, म्हणून उंची वाढवायचा हा उद्योग.

९ मार्च
नट फिरवताना नंदा ओठ चावते. जन्मभर लोकांची मोडलेली हाडं बसवली, बघून-बघून शिकलो. चांगलं हाड ताणायची पहिलीच वेळ.
"तात्या, आधीगत पळता येईल ना?"
"हरणागत."
डॉक्टर वेगळं बोलले होते. ऑपरेशनच्या आधी, सुभाष ड्युटीवर, नंदा एक्स-रेला गेलेली. "आजोबा, उंची वाढेल, पण पळण्याची खात्री नाही. नातीला नीट समजावून सांगा." मी समजावलं नाही. जुळलेलं हाड पहिल्यापेक्षा दणकट, हे मी आजवर बघत आलोय.

१ एप्रिल
दोन बोटं भरली. सूनबाईनं गल्लीत साखर वाटली. नंदा उभी राहिली तर टाचा अधांतरी. म्हटलं, कडी निघाली की टेकतील.

१९ सप्टेंबर
कडी निघून दीड महिना. हाड दाबून पाहिलं, एक नंबर. टाच तशीच. टाचेमागची शीर तारेसारखी ताठ. व्यायाम शिकवणारी केजची बाई सांगते तसं रोज ताणतो, घोटून तेल लावतो. ऐकत नाही. हाडाचं मला कळतं. शिरेचं नाही कळत. हे आधी कळायला पाहिजे होतं.

११ जानेवारी
ऑपरेशननंतर नंदा पहिल्यांदा पळाली. वडापासून पुलापर्यंत, आमचं नेहमीचं आठशे मीटर. माझ्या घड्याळात आधी तीन मिनिटांच्या आत यायची. आज पावणेसहा. पारावरून बाजीराव ओरडला, "काय तात्या, पोरगी उंच केली, आन् पळणं कुठं ठिवलं?" नंदाच बोलली, "दवाखान्यात जमा केलं, काका." सगळे हसले. घरी येऊन तिनं बूट धुतले, पुसले, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. भरतीच्या दिवशी मीच काढून देईन.

४ मार्च
बीड. भरती. उंचीच्या खांबापाशी पास. तारेच्या कुंपणाबाहेरून बघत होतो, छाती फुगली. मग पळणं. बाकीच्या पोरी पोचून पाणी प्यायल्या तरी ही अजून वळणावर. चवड्यावर, फरफटत. पण थांबली नाही, पुरं केलं. "बाजूला हो बेटा," पोलीस बाई मायेनं म्हणाली. तेच जास्त लागलं.
परतीच्या एसटीत नंदा हळूच म्हणाली, "तात्या, डॉक्टर तुमाला कायच बोलले न्हवते का?"
"न्हाई," म्हणालो. खिडकीबाहेर बघत.

२१ मार्च
नंदा धर्मापुरीला मामाकडं गेली. कधी येणार, सांगितलं नाही. सुभाष म्हणतो, पुढच्या भरतीचा फॉर्म भरू. सूनबाई म्हणते, त्या पोरीपुढं नाव काढू नका. नंदा माझा फोन उचलत नाही. पत्र लिहावं म्हटलं. पाकीट आणलंय, पत्ता घातलेला नाही. आधी इथं खरडतो.

चि. नंदास, तात्याचा आशीर्वाद. डॉक्टर बोलले होते. तू एक्स-रेला गेलतीस. मला वाटलं, डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं. पाय तुझे होते, विचारायचं तुला होतं. एसटीत बी खोटं बोललो.

"माफ कर" लिहिलं, खोडलं. कुठल्या तोंडानं मागू? पुढची ओळ तेवढी राहू देतो.

पायाचं काई लिहू नको. तू कशी हायस ते लिही. रागाचं लिही, दोनच ओळी लिही, पण लवकर लिही, बाई.