गाडी न थांबल्याबाबत आणि तेरा लाल खुणांबाबत

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
वसई-विरार, जि. पालघर.

अर्जदार : ऑगस्टीन इनास घोन्साल्विस, वय ५८, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, मु. भुईगाव, ता. वसई.

विषय : 'शहेनशहा ३५०' या नव्या क्रूझर मोटारसायकलचे आसन व ब्रेक यांची तपासणी होऊन, विक्रेत्यास त्याच गाडीच्या मागील आसनावर बसवण्याबाबत.

संदर्भ : 'हंसा ऑटो व्हील्स', गोखिवरे यांचे दि. १४/११/२०२५ चे पत्र ("आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे").

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार हात जोडून, पण दात-ओठ खाऊन लिहितो की :

१. अर्जदाराने एकतीस वर्षे शाळेच्या मैदानावर उन्हात शिट्टी फुंकून नोकरी केली. त्या काळात त्याने पत्नी रिटा हिला वचन दिले होते की, निवृत्त झालो की ऐसपैस गाडी घेऊ, तू मागे राणीसारखी बस. रिटाने तोवर अर्जदाराच्या जुन्या स्कूटरवर, मांडीवर कधी केळीचा घड तर कधी शाळेचे दोन फुटबॉल घेऊन, एका शब्दाने तक्रार न करता प्रवास केला. तेव्हा हे वचन पाळणे अर्जदारास भागच होते.

२. दि. २३ ऑगस्ट रोजी अर्जदार गाडी ताब्यात घेण्यास गेला असता, दुकानाचा मालक दीपेश हा आपलाच माजी विद्यार्थी असल्याचे निदर्शनास आले. तो किंचित लंगडत पुढे आला आणि साऱ्या गिऱ्हाइकांदेखत अर्जदाराच्या पाया पडला. अर्जदार विरघळला. माणसाने कुठे विरघळावे याचेही काही ताळतंत्र असते, ते राहिले नाही. त्याच भरात दीपेशने एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर 'आसन आरामदायी आहे', 'पुढील ब्रेक तपासला, समाधानकारक', 'मागील ब्रेक तपासला, समाधानकारक' अशी एकूण तेरा वाक्ये होती. अर्जदाराने सवयीने खिशातले लाल पेन काढले आणि तेराच्या तेरा वाक्यांपुढे बरोबरची खूण केली.

येथे खुलासा करणे आवश्यक आहे. शाळेत अर्जदार मुलांच्या सरावपुस्तिका तपासत असे. वर्गात साठ मुले, असे सात वर्ग. तेथे लाल खुणेचा अर्थ 'पाहिले' एवढाच असतो, 'पटले' असा नसतो. हे कोणत्याही शिक्षकास विचारावे. शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या जगात मात्र तिचा अर्थ वेगळा घेतात, हे अर्जदारास अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३. आसनाविषयी. ते दिसायला गादी आहे, बसायला फळी आहे. गोखिवऱ्याहून पूल ओलांडून भुईगावपर्यंत अर्जदाराने स्वतः मोजलेले सत्तावीस गतिरोधक आहेत. त्यांपैकी प्रत्येकाची खबर माकडहाडास स्वतंत्रपणे मिळते. हँडल इतके दूर की चालवणाऱ्यास ओणवे व्हावे लागते, आणि पाय ठेवायचे दांडे इतके पुढे की ओणवे होता येत नाही. शाळेत असले आसन अर्जदार फक्त शिक्षा म्हणून देत असे. याविषयी दुकानात तीनदा गेले असता, "सर, पाचशे किलोमीटर झाले की सीट बसेल," असे सांगण्यात आले. नऊशे झाले. सीट बसली नाही, कंबर बसली.

४. ब्रेकविषयी. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर प्रथेप्रमाणे गाडीवर आशीर्वाद घेण्यासाठी अर्जदार देवळाच्या आवारात गेला. फादर बर्नार्ड पवित्र पाण्याचे भांडे घेऊन उभे होते. अर्जदाराने फादरांच्या पुढे दहा पावलांवर ब्रेक दाबला. गाडी फादरांच्या मागे तीन पावलांवर थांबली. फादर वेळीच बाजूला झाले म्हणून अनर्थ टळला, भांडे मात्र आडवे झाले. "ऑगस्टीन सर, आशीर्वाद गाडीला देऊ की समोर उभ्या असलेल्यांना?" असे फादर म्हणाले आणि सारे आवार हसले. अर्जदारही हसला.

५. दि. २ नोव्हेंबर रोजी, मृतात्म्यांच्या दिवशी, अर्जदार व रिटा फुले आणि मेणबत्त्या घेऊन अर्जदाराच्या आईवडिलांच्या कबरीवर निघाले होते. वेग ताशी तीस. नाक्यावर पुढची बस थांबली. अर्जदाराने हाताचा व पायाचा असे दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले. बस थांबली, रिक्षा थांबल्या, रस्त्यावरचे कुत्रेदेखील थांबले, शहेनशहा थांबला नाही. गाडी बसवर आदळून अर्जदारास खरचटले. रिटा पडली, तिचे उजवे मनगट मोडले आणि फुले बसच्या चाकाखाली गेली. रिटा तेवीस वर्षे देवळात ऑर्गन वाजवते. यंदाच्या नाताळात ती वाजवणार नाही. कबरीवर दोघे त्या दिवशी पोहोचलेच नाहीत.

६. दि. ९ नोव्हेंबर रोजी अर्जदाराने शाळेच्या मैदानावर फक्कीने रेषा आखली आणि लांब उडीच्या फितीने मोजमाप घेतले. फीत शाळेचे शिपाई नथू यांनी धरली. ताशी चाळीस वेगाने रेषेवर ब्रेक दाबला असता अर्जदाराची बावीस वर्षांची स्कूटर नऊ मीटरवर थांबली. शहेनशहा, पाच वेळांची सरासरी घेता, एकोणीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर थांबला. पाचव्या खेपेस नथूने फीत टाकून दिली आणि तो झाडामागे गेला. अर्जदार त्यास दोष देत नाही.

७. हे मोजमाप विक्रेत्यास पाठवले असता संदर्भीय पत्र आले. त्यासोबत तेरा लाल खुणांचा कागद जोडून, 'ग्राहकाने प्रत्येक मुद्दा स्वतः तपासून मान्य केला आहे' असे कळवण्यात आले. चोराच्या उलट्या बोंबा! खाली दीपेशने स्वहस्ते एक ओळ लिहिली : "सर, आमच्या वह्यासुद्धा तुम्ही अशाच तपासायचात." ती वाचून अर्जदारास दोन दिवस अन्न गोड लागले नाही. या माणसास कोर्टकचेऱ्यांत धुळीस मिळवायचे, त्याच्या दुकानाच्या दारात उपोषणास बसायचे, आणि नुकसानभरपाई दिली तरी ती घ्यायची नाही, असे त्याने ठरवले. अद्यापही ठरलेलेच आहे.

८. तथापि, त्याच लिफाफ्यात आणखी एक कागद होता. सन १९९८ मधील, इयत्ता आठवीच्या एका सरावपुस्तिकेचे पान १७. तो कागद अर्जदाराने प्रस्तुत अर्जास जोडला नव्हता. अपघाताची साक्षीदार म्हणून रिटाची सही लागत होती. तिने अर्ज संपूर्ण वाचला, मग लिफाफा मागितला, तोही संपूर्ण वाचला, आणि घरच्या बोलीत जे म्हणाली त्याचे शुद्ध मराठीत रूपांतर असे : "हा कागद जोडा. नाहीतर मी सही करणार नाही, आणि तुमच्या मागे पुन्हा कधी बसणारही नाही, गाडी कुठलीही असो."

सबब जोडला आहे. त्या पानावर मुलाच्या अक्षरात लिहिले आहे : 'सर, माझा डावा गुडघा पळताना अडकतो आणि खूप दुखतो. मला धावण्यातून सूट मिळावी ही विनंती.' खाली अर्जदाराची लाल खूण आहे. त्या वर्षी अर्जदाराने त्यास आळशी ठरवून मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या, एकदा नव्हे, वर्षभर. दुकानात तो लंगडत आला तेव्हा कुठे स्कूटरवरून पडला असेल, असे अर्जदारास वाटले होते. गुरूची विद्या गुरूला फळली.

९. म्हणून रिटाचा हात विसरला जावा, असे नव्हे. गुडघा गुडघ्याच्या जागी आणि मनगट मनगटाच्या जागी. मनात येणारा राग अर्जदाराने आता दोन भागांत विभागला आहे, आणि त्याप्रमाणे मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) सदर गाडीचे ब्रेक आपल्या निरीक्षकांनी फितीने मोजून तपासावेत. या मॉडेलच्या प्रत्येक मालकास निकाल कळवावा.

(आ) विक्रेता दीपेश यास मागील आसनावर बसवून अर्जदाराने गोखिवरे ते भुईगाव असा प्रवास करावा. एकही गतिरोधक वगळू नये. शेवटी देवळाच्या आवारात रिटाच्या समोर गाडी थांबवावी, थांबल्यास.

(इ) त्यानंतर त्याच दिवशी अर्जदार शाळेच्या मैदानावर दहा फेऱ्या धावेल. अर्जदाराची कंबर वर नमूद केलीच आहे. सूट मागणार नाही. शिट्टी दीपेशने वाजवावी.

(आ) मान्य व (इ) अमान्य, असे चालणार नाही. अर्जदाराची पत्नी दोन्हीस हजर राहणार आहे.

अखेरची विनंती एवढीच की, या अर्जावर कोणतीही खूण करण्यापूर्वी तो वाचावा.

आपला नम्र, परंतु अद्याप शांत न झालेला,

(सही)
ऑगस्टीन इ. घोन्साल्विस
भुईगाव, दि. २४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार : रिटा ऑ. घोन्साल्विस (सही डाव्या हाताने केली आहे, ओळखावी.)

सोबत :
१) तेरा लाल खुणांचा कागद, छायांकित प्रत.
२) रिटाच्या मनगटाच्या क्ष-किरण तपासणीचा अहवाल.
३) मैदानावरील मोजमापाचा तक्ता, नथू यांच्या सहीसह.
४) सरावपुस्तिकेचे पान १७, छायांकित प्रत. अर्जदाराने वाचले आहे.