ऐकू येत असेल तर हात दाब

३ मार्च
नोकरी लागली एकदाची! ऑपरेशन थिएटरात, भूल देणाऱ्या डॉक्टरांची मदतनीस. नळ्या जोडायच्या, इंजेक्शनं भरून ठेवायची, पेशंटच्या पापण्यांवर चिकटपट्टी लावायची. डॉक्टरांना सगळे तोंडावर निद्राराव म्हणतात आणि तेही हसतात. पोट उघडलेलं असताना विनोद सांगतात, आणि टाके संपेपर्यंत पेशंट डोळे उघडतो. आधीच्या ठिकाणी तासतासभर गाल थोपटत बसावं लागायचं. ताईला फोनवर भरपूर बढाया मारल्या. नव्याचे नऊ दिवस, म्हणाली.

९ मार्च
पेशंट इतक्या लवकर जागे कसे होतात ते कळलं. निद्राराव भुलीच्या गॅसची चकती अगदी कमी ठेवतात, कारण यादी मोठी असते. शेवटी एक छोटं इंजेक्शन देतात, त्याला ते पाटी पुसणं म्हणतात. आज हर्नियाचे एक आजोबा शुद्धीवर येताना निद्रारावांच्या विनोदातलं शेवटचं वाक्य पुटपुटले. तो विनोद सुरी चालू असताना झाला होता. थोड्या वेळाने विचारलं, तर त्यांना काहीच आठवेना. छान झोप लागली म्हणाले.

१४ मार्च
शिकताना एक युक्ती कळली होती. अंग लुळं पाडणारं इंजेक्शन देण्याआधी एका हातावर रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळायचा. औषध त्या हातात उतरत नाही. बाकी शरीर ओंडक्यासारखं पडलं तरी तो पंजा हलू शकतो. मग पंजा धरून कानाशी सांगायचं, ऐकू येत असेल तर हात दाबा. नसती उठाठेव करायची माझी जुनी खोड. आज शाळेतल्या एका बाईंवर करून पाहिलं.
त्यांनी हात दाबला.

१५ मार्च
चार पेशंट. चौघांनी दाबला. चौथ्याला म्हटलं, दुखत असेल तर दोनदा. माझं वाक्य पुरं होण्याआधीच त्याने दोनदा दाबला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.
निद्रारावांना बाजूला घेऊन सांगितलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. "जे आठवत नाही, ते झालंच नाही," म्हणाले. वर नोकरी नवी असल्याची आठवण करून दिली. मी पुढच्या पेशंटची इंजेक्शनं भरायला घेतली.

१८ मार्च, सकाळ
ताईचं अपेंडिक्स फुटलंय. भावजींनी तिला इथेच आणलं. मीच कौतुक केलं होतं ना! दुसरीकडे हलवायला वेळ नाही. निद्रारावांच्या पाया पडले, चकती वाढवा म्हणाले. त्यांनी माझ्यासमोर वाढवली. ताईला सांगितलंय, मी हात धरून बसेन, दुखलं तर दोनदा दाब, मी थांबवीन. एवढ्या कळा येत असतानाही ती हसली. म्हणाली, इंजेक्शन बघून पलंगाखाली लपणारी तू.

१८ मार्च, दुपार
पट्टा बांधला. सुरी लागली. विचारलं.
दोनदा.
चकती पुन्हा खाली. मुद्दाम नव्हे, सवयीने हात गेला असणार. पुन्हा दोनदा. नखं रुतली माझ्या तळव्यात. मी तोंड उघडलं. निद्रारावांनी नुसतं पाहिलं. सर्जननी मान वर केली नाही. आणि मी —
पन्नास मिनिटं चाललं.

१९ मार्च
ताईने चहा मागितला. छान झोप लागली म्हणाली. विसरली. मला रडू आलं, आनंदाने. लाज वाटते.

२० मार्च
मी जवळ गेले की ताई अंग चोरते. का, ते तिलाही कळत नाही.

२१ मार्च
डुलकीतून जागी झाली. एकटक बघत राहिली.
"दोनदा दाबला होता मी. कितीतरी वेळा. तू हात का काढून घेतलास?"
स्वप्न असेल, म्हणाले मी. माझ्याच तोंडाने म्हणाले.

२२ मार्च
पोटात पू. आजच उघडायचं. लगेच. तेच टेबल, तेच निद्राराव.
पट्टा घेऊन गेले तर ताई म्हणाली, नको. तू बाहेर थांब.
बाहेर थांबलेय.
दार लागलं. आत कुणीतरी विनोद सांगतंय. हसले सगळे. म्हणजे सुरी —
फक्त दार ढकलायचं. एवढंच. उठते. आत्ता उठते आणि