बाबूरावला घातलेलं काम

इंदूर, १२ मे १९९४

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम, वि. वि.

महूला तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे बाबूराव सजा भोगून सुटला. मिल बंद पडली तेव्हा गेटवरच्या भांडणात ह्यांच्या कमरेत सळई घातली आणि ह्यांचे पाय कायमचे गेले, तोच. रविवारी विहारात तो सगळ्यांसमोर ह्यांच्या पाया पडला. ह्यांनी माफ केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मला इतका राग आला! ह्यांना उचलते मी, कूस बदलते मी, पाठीच्या जखमा धुते मी. मला कोणी विचारलंच नाही. वर सगळे म्हणतात, जाने दो, मन मोठं कर. माझं चुकतंय का?

धाकटीवर माया आहे तशीच राहू दे.
तुझी प्रभावती

महू, १९ मे

चि. प्रभा,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मुळीच चुकत नाही. तुझ्या धोंडिबाजींचं मन मोठंच. लग्नात स्वतःच्या ताटातली जिलेबीसुद्धा वाटून बसले होते. पण या वेळी त्यांनी तुझ्या वाटणीचंही वाटून टाकलं. बाबूरावला घरी बोलाव आणि काय सोसलंस ते तोंडावर सांग. माफ करायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सोबतीला मी येऊ का? तू बोलायला लागलीस की तशी कोणाची गरज नसते म्हणा.

काळजी लागून आहे, लवकर लिही.
तुझी इंदिराताई

इंदूर, १० जून

आदरणीय ताई,
सप्रेम जयभीम.

बोलावलं. तो दारातच उभा राहिला, मीही बस म्हटलं नाही. सगळं सांगितलं. तो रडायला लागला, तर मी म्हटलं, रडणं घरी जाऊन कर. मग त्याने विचारलं की भाभी, मी काय करू? मी म्हटलं, रोज सकाळी येऊन ह्यांना आंघोळ घाल. ह्यांना फार संकोच वाटला. मी म्हटलं, माफ तुम्ही केलंत ना, मग आता त्याच्याकडून अंग धुवून घ्या. शेवटी तयार झाले.

पहिल्या दिवशी ह्यांची पाठ पाहून त्याचा हात थांबला. पाणी गार होतंय म्हणून मी ओरडले. आता रोज येतो. परवा त्या वेळात मी कृष्णपुऱ्यापर्यंत चालत गेले. काही काम नव्हतं, नुसती गेले. किती बरं वाटलं!

काल त्याने विचारलं की आता तरी माफ केलं का. मी नाही म्हटलं. उद्यापासून हा कसला येतोय, असं वाटून आज पाणीही तापवलं नाही. तो आला, आणि स्वतःच स्टोव्ह पेटवायला बसला.

भावजींना जयभीम, तुला नमस्कार.
तुझी प्रभा