दाढेत सापडलेली आई

५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोनवर तू 'सगळं ठीक' एवढंच म्हणतेस, म्हणून मला पत्रच बरं. दोनदा वाचता येतं आणि न लिहिलेलंही कळतं.

तुमची ती बंद खोली फार गार असते असं तू लिहिलं होतंस. तुझे कान लहानपणापासून हळवे. म्हणून बाबांच्या जुन्या सदऱ्याची टोपी शिवून पाठवते आहे. सदरा कोपरांत विरला होता, पण पाठ धड होती. मशीन बिघडलंय, म्हणून हातानेच शिवली. बाबा म्हणाले, एवढ्या दिवसांत चार टोप्या विकत आल्या असत्या. मी म्हटलं, त्यातली एकही तिच्या डोक्याची नसती.

मेलेल्यांच्या हाडांत हात घालू नये असं तुझी आत्या म्हणते. मी तिला सांगितलं, आमची मुलगी हाडांची विचारपूस करते. पण पुढचं सांगता येईना. नीट समजावून लिही, म्हणजे पुढच्या वेळी मी अडखळणार नाही.

वेळेवर जेव, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई


६ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

टोपी अगदी बेतात बसली. खोलीत पांढरा अंगरखा, त्याचंच डोक्यावरचं झाकण, मुखपट्टी आणि दुहेरी हातमोजे असा जामानिमा असतो. झाकणाखाली तुझी टोपी घालते. कान तुला दुवा देतात.

आत्यासाठी लिहिते. हाडात आणि दातात त्या जिवाच्या वंशाचे धागे असतात. हजारो वर्षांत त्यांचे तुकडे होतात, टोकं झिजतात, तरी काही उरतं. ते वाचलं की माणूस कोणाचा कोण ते कळतं. एके काळी पृथ्वीवर आपल्यासारखीच, पण आपण नव्हे अशी माणसं होती. रुंद हाडांची, दगडाची हत्यारं करणारी. ती संपली.

एका गुहेत एक दाढ मिळाली आहे, चाळीस हजार वर्षांहून जुनी. ती आपल्यांपैकी कोणाची की त्या संपलेल्यांपैकी, हे ठरवायचं काम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी माझ्यावर सोपवलंय. दाढेचे दोन भाग केले. एक सील करून ठेवला, दुसऱ्याची भुकटी मी काल केली. ही दाढ बोलली, तर मॅडम मला इथे कायमची ठेवून घेतील.

बाबांना नमस्कार, तुझा हात डोक्यावर आहेच, टोपीसकट.

तुझी भिंगरी


११ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, त्या दाढेत तू सापडलीस.

चेष्टा नाही. दाढेतल्या झिजक्या धाग्यांमध्ये एका बाईचे ताजे, लांब धागे मिसळले आहेत. इतके, की जुनं वाचताच येत नाही. इथे काम करणाऱ्या सगळ्यांची नोंद असते. ती बाई त्यांतल्या कोणाशीच पुरती जुळली नाही. माझ्याशी मात्र बरोबर अर्धी जुळते. मला मुलगी नाही, बहीण नाही, तेव्हा राहिलीस तू.

मला आठवलं, भुकटी केली त्या दिवशी टोपीच्या दोऱ्याचं टोक कपाळावर लोंबत होतं. मी ते आत सारलं आणि हातमोजा न बदलता दाढेचा तो भाग उचलला. घरचं काही आत घालायचं नाही असा नियम आहे. मी मोडला.

जुळणी मी एकटीने पाहिली आहे. मॅडमना वाटतंय, दाढ उकरून काढणाऱ्या बाईंनी उघड्या हाताने ती धरली असेल. त्यांना उद्या जाब विचारणारं पत्र जाणार होतं, ते मी 'आणखी तपासते' म्हणून आठवडाभर थांबवलंय. खरं सांगितलं, तर माझं आधीचं कामही संशयात येईल, आणि इथली जागा जाईल. काय करू, लवकर लिही. सोबत एक कापसाची काडी आहे. ती गालाच्या आतून फिरवून तिच्या नळीत बंद करून पाठवशील का? पाठवलीस तरी देईन की नाही, ठरवलेलं नाही.

तुझी भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी मी हसले, मग देवापुढे बसले, मग लिहायला घेतलं. जलद टपालाने पाठवते आहे.

चूक निम्मी माझी. सुई ओवताना मी दर वेळी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करते, आणि गाठ मारली की दोरा दातानेच तोडते. चाळीस वर्षांची सवय. बाबा म्हणतात, तू उष्टावलं नाहीस असं घरात काही नव्हतंच, आता गुहासुद्धा सोडली नाहीस.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघड. त्या उकरणाऱ्या बाईही उन्हातान्हात गुडघे टेकून बसल्या असतील. आपलं त्यांच्या माथी मारून मिळालेल्या जागेवर तुला बसवेल का? मला नाही वाटत. मी तुला ओळखते, शिवलीच आहे मी तुला.

आणि मॅडमकडे रडत जाऊ नकोस, हिशेब घेऊन जा. माझ्या रोजच्या वहीचं पान फाडून पाठवते आहे. वहीचं पान मी जन्मात पहिल्यांदा फाडलं. त्यात लिहिलंय: टोपी १ नोव्हेंबरला बेतली, ४ ला पुरी, ५ ला टपालात. म्हणजे त्याआधीच्या तुझ्या कुठल्याही हाडाला ती टोपी शिवलेली नाही. काडीही सोबत आहे. मॅडमना सांग, आईने राजीखुशीने दिली, वाटेल ते ताडून पाहा.

देव पाठीशी आहे, पण बोलायचं तुलाच आहे.

तुझी आई


२० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात आलं त्याच दुपारी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हे टाळता आलं असतं, आणि तीन महिने मला त्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही. वहीचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्या फायलीत लावलं. आधीची सगळी हाडं पुन्हा तपासली. एकातही तू नाहीस. उकरणाऱ्या बाईंना मी स्वतः पत्र लिहिलं.

दाढेचा सील केलेला भाग माझ्या सोबतिणीने उघडला. मी काचेबाहेर उभी राहून प्रत्येक पायरी वाचून दाखवली. हात लावता आला नाही हे अजून सलतं.

पण दाढ बोलली, आई. ती बाई होती, त्या संपलेल्यांपैकी. आणि तिच्या चार-पाच पिढ्या आधी आपल्यांपैकी कोणीतरी तिच्या घराण्यात होतं. म्हणजे दोन्हीकडची माणसं भेटली, संसार केले. त्या मिसळण्याचा थोडा अंश आजही बहुतेकांच्या अंगात आहे. तुझी काडी होतीच, म्हणून मॅडमनी पाहिलं. तुझ्यात शंभरात दोन भाग तिच्या लोकांचे आहेत. माझ्यापेक्षा किंचित जास्त.

माझी जागा राहिली. मॅडम म्हणाल्या, ज्याला चूक तारखेनिशी सांगता येते, त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

तुझी भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आत्याला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, देवाने माणूस एकदाच घडवला. मी म्हटलं, एकदाच घडवून हात आवरला असं त्याने तुला सांगितलं का? मी एका सदऱ्यातून टोपी काढते, उरल्यातून रुमाल काढते. त्याच्याकडे तर कापड किती. आत्या चहा प्यायला थांबली, म्हणजे पटलं.

मी तिच्या दाढेत सापडले म्हणून तुम्ही एवढे दचकलात. आता कळतंय ना, ती माझ्यात आधीपासून होती.

रोज सकाळी मी आपल्या घरातल्या गेलेल्यांची आठवण करते. तुझी आजी, आजोबा, धाकटी मावशी. नाव ठाऊक नाही म्हणून गेल्या आठवड्यापासून शेवटी 'आणि दाढवाली' म्हणते. बाबा आधी हसले. काल मी विसरले, तर त्यांनीच आठवण करून दिली.

रुमाल पाठवते आहे. दोरा पाण्यात भिजवून ओवला आणि कात्रीने तोडला. तरी खोलीत नेऊ नकोस.

तुझी आई