एकाच हातच्या हरकती

३ जानेवारी

चि. धाकट्यास अ. आ.

पत्र पोचलं. शर्टाचं बटण अखेर कोणी लावलं, ते मात्र तू सोयीस्करपणे लिहिलं नाहीस.

इकडची बातमी अशी, की आपल्या घरामागच्या टेकडीत खडीची खाण निघणार आहे. तशी नोटीस लागली आहे. आपल्या परसदारापासून दोनशे पावलं, मी चालून मोजली. सुरुंग लागणार, खडी फोडायचं मशीन बसणार. आईचा दमा तुला ठाऊक आहे. गादी झटकली तरी तिला तासभर धाप लागते. ती हे घर सोडणार नाही, हेही तुला ठाऊक आहे.

हरकती महिनाअखेरपर्यंत द्यायच्या आहेत. गल्लीतले सगळे माझ्याकडे येऊन बसतात. दवाखान्यात दिवसभर केसपेपर लिहायचे आणि घरी आलं की हे. शिंपीणबाई म्हणाल्या, तुमचं अक्षर मोत्यासारखं, तुम्हीच लिहा. तुझा सल्ला लवकर कळव.

आईचा तुला आशीर्वाद. जेवत जा.

तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

बटण मीच लावलं, उलट्या बाजूने.

मी कचेरीत आवकच्या टेबलावर बसतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. गिचमिड अर्ज आला की साहेब चष्मा काढतात आणि कागद बाजूला सारतात. तेव्हा कोणालाही स्वतः लिहू देऊ नकोस. रंगारीकाकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सगळ्यांच्या हरकती तूच लिही, ज्याचं त्याचं म्हणणं वेगळं लिही आणि खाली सही नाहीतर अंगठा घे.

आईला सांग, काळजी करू नको. लोभ आहेच, तो रागावण्यापुरता ठेवू नकोस.

तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

तू सांगितलंस तसंच केलं. शिंपीणबाईंना पांढऱ्या कापडाची काळजी, रंगारीकाकांना ओल्या रंगावर बसणाऱ्या धुळीची, कोपऱ्यावरच्या मास्तरांना विहिरीची. आईचा दमा मी लिहिला, तिने अंगठा दिला. त्रेचाळीस घरं झाली.

काल सुनावणी होती. अधिकाऱ्यांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, हे सगळं एकाच हातचं आहे, म्हणून ही हरकत एकच धरली. शिंपीणबाई उठून म्हणाल्या, सही माझी आहे. ते म्हणाले, सह्या कोणीही गोळा करतं. ज्याने त्याने आपल्या हाताने लिहून दहा दिवसांत द्यावं.

मी घरी आले आणि धुणं वाळत घातलं. दोघातिघांनी लिहायला घेतलंय. बाकीचे म्हणतात, आमचं एकदा सांगून झालं. माझ्यावर कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाकी ठीक.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

चूक माझी आहे. एकाच हातचे अर्ज आले की मीही ते एकत्र टाचतो आणि एकच आवक क्रमांक देतो. आठ वर्षं देतोय. तुला सल्ला देताना ते आठवलं नाही. पत्र वाचून जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा सात अर्ज एकत्र टाचले.

आईला इकडे पाठव. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, जिन्यात तिला धाप लागेल, पण धूळ नाही.

क्षमा करशील तर बरं.

धाकटा

२ मे

चि. धाकट्यास अ. आ.

खाणीला परवानगी मिळाली. पाच जणांनी लिहून दिलं होतं, ते पुरलं नाही. सोमवारी पहिला सुरुंग झाला, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली. आई खिडक्या लावून बसते. परवा दवाखान्यात तिचा केसपेपर मीच लिहिला. वाईट वाटायला हवं, पण दात काढायच्या आधी गाल बधिर होतो, तसं झालंय.

एक सांगायचं राहिलं. सुनावणीनंतर आईने माझ्याकडून मोठ्या अक्षरांत कित्ता काढून घेतला आणि रोज दुपारी गिरवायला बसली. चार ओळी तिच्या हाताने पुऱ्या व्हायला दोन महिने लागले. मुदत केव्हाच संपली, हे मी सांगितलं. म्हणाली, लिहिलंय तर कुठेतरी द्यायलाच हवं, आणि पोच हवी. तिकडे यायला मात्र तयार नाही. कागद सोबत पाठवते. तुझ्याकडे शिक्का आहे.

तब्येतीला जप, इथली नको विचारूस.

ताई

(सोबतचा कागद)

माझे घर टेकडीला लागून आहे.
मला दम लागतो.
मी इथेच राहणार.
खडी दुसरीकडे काढा.

८ मे

ती. ताईस सा. न.

आईचा अर्ज आवक केला. कशालाही टाचला नाही, स्वतंत्र क्रमांक दिला. साहेबांनी विचारलं, हा आपल्या खात्याचा आहे का. मी हो म्हणालो. त्यांनी चष्मा काढला. मी कागद बाजूला सारू दिला नाही.

याने काही होणार नाही, हे मला माहीत आहे. शनिवारी रजा घेऊन येतोय, खिडकीची काच बसवायला.

पोच सोबत आहे. तिला वाचून दाखवू नकोस, तिच्याच हातात दे.

तुमचा धाकटा