साठची गोळी, आधी

१२ जाने. ९६
छबीला परत झटका आला. सकाळी, दूध पिताना. डोळे वर, दात घट्ट. मी चमचा घालायला गेले तर डॉक्टरबाई नंतर माझ्यावरच ओरडल्या. गोळी लिहून दिली. रोज एक, तीन वर्षं, एक दिवस चुकवायची नाही. छबीच तीन वर्षांची.
दवाखान्यासमोरच्या दुकानात दहा गोळ्यांचं पान अडतीस रुपये. आत्याबाई म्हणल्या, माझ्या लेकाचा पगार आता ह्या पोरीच्या नरड्यात जाणार.

१५ जाने.
हे म्हणले, लखनौत काय एकच दुकान आहे का. फिर जरा. मला इथे येऊन चार महिने. भाजीवाला सोडून कुणाशी बोलले नाही. छबीला कडेवर घेऊन गेले. चारबागला छत्तीस. स्टेशनामागे तीस, पण पानावरची तारीख खरवडलेली. नाही घेतलं. चिठ्ठी दाखवायची आणि "कितने का" म्हणायचं, पुढचं येत नाही. एक दुकानवाला म्हणाला, "लेना है कि दर्शन करना है?" गिऱ्हाइकं हसली. मी पण हसले. काय करणार.

१७ जाने.
अमीनाबाद. शेजारच्या मिश्राइननी दुकान सांगितलं होतं. म्हातारा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. म्हणाला दवा तीच, कंपनी दुसरी. नाम का पैसा मत दो, बिटिया. लिहून दिलेली तीस नंबरची चौदा रुपयांना. मग आपणच म्हणाला साठ नंबरची सोळाला आहे, ती घे, आधी देना, अजून सस्ती पडेल. दोन रुपये जास्त, मग सस्ती कशी? विचारलं नाही. मान हलवली. बिटिया म्हणाला होता.
विसरेन म्हणून लिहिते. साठची १. आधी. म्हणजे दुधाच्या आधी.

२० जाने.
हे खूश. अडतीसचं काम सोळात. अमौसीला कामावर सगळ्यांना सांगून आले. आत्याबाई म्हणल्या, तेवढं तरी डोकं आहे. पहिल्यांदाच.
झटका नाही. छबी झोपते फार.

२३ जाने.
छबी भिंत धरून चालते. पडते. हे म्हणले, "काय गं, कुठली लावून आलीस?" खूप हसले. आई म्हणताना जीभ जड होते तिची. आत्याबाई म्हणल्या, पोरगी गप झाली, घरात शांतता आली, बरंच झालं की.
मला भीती वाटते. कुणाला सांगू. गोळी देते, दुधाच्या आधी.

२६ जाने.
सकाळी उठेना. चिमटे काढले. पाणी मारलं. मान नुसती लोंबत

दवाखान्यात नळी लावली. डॉक्टरबाईंनी पान बघितलं. किती देत होतीस? एक. साठवाली, पूर्ण? मी हो म्हणले. बाई पळाल्या आत.
बाहेर हे म्हणत होते दुकानदाराने नकली माल दिला.

२७ जाने.
हे कामावरचे चार जण घेऊन अमीनाबादला गेले. दुकान दाखवायला मला नेलं. ह्यांनी पान म्हाताऱ्याच्या तोंडावर मारलं, गळपट्टी धरली. तो हात जोडून म्हणाला, मैंने कहा था आधी देना. मग माझ्याकडे वळला. "बिटिया, कहा था ना? आधी?" आणि दोन बोटांनी मधे मोडून दाखवलं.
तेव्हा कळलं.
रोज आधा किलो बटाटे घेते. आधा कळतं. आधी म्हणजे आपलं आधी. मला काय माहीत.
हे माझ्याकडे बघत होते. सगळेच. खरं सांगितलं असतं तर मला गाडीत बसवून माहेरी, छबी इथे. आत्याबाई कधीच्या टपल्यात.
मी म्हणले, "नहीं कहा."
एवढं हिंदी मात्र नीट आलं.
मग त्याला मारलं. चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला. सगळे बाहेर पडताना मी पान उचललं, पदरात घेतलं. का, माहीत नाही.

२९ जाने.
छबीने डोळे उघडले. मला बघते, पण ओळखत नाही असं वाटतं. डॉक्टरबाई म्हणल्या, बघू. औषध खरं होतं, दुप्पट गेलं. हे तेव्हा ड्युटीवर होते. मी सांगितलं नाही.
मिश्राइन म्हणल्या, त्या म्हाताऱ्याला एका कानाने ऐकू येत नाही आता. तुझी पोर कशी आहे विचारत होता.

३१ जाने.
छबी घरी. अजून आई म्हणाली नाही. गोळी आजच चालू करायची. हे म्हणले, अडतीसवाली आणू, पगार होऊ दे. आत्याबाई म्हणल्या, दोन दिवसांनी काय मरते का.
पदरातल्या पानात दोन उरल्यात, साठच्या. डॉक्टरबाई म्हणल्या होत्या साठची असेल तर अर्धी चालेल. आत्याबाई देवळात गेल्या तेव्हा विळीवर ठेवून कापली. मधोमध नाही झाली. एक तुकडा मोठा, एक लहान.
दूध गार होतंय. कुठला देऊ