ल्युबिसावच्या जागी जेवणारा

गावाहून, नेगोतिनमार्गे
१९ सप्टेंबर

चि. ल्युबिसाव यास,
थोरली बहीण स्तामेना हिचे अनेक आशीर्वाद.

'चिरंजीव' हा शब्द मी आजवर पुष्कळांना सवयीनं लिहिला. तो इतका मनावर घेणारा मनुष्य आपल्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. तू खुशाल आहेस हे वाचून आनंद झाला असं लिहायची रीत आहे. रीत पाळली असं समज. शाळेत मी अजून लॅटिनच शिकवते, म्हणजे मृतांच्या भाषेशी माझा रोजचा व्यवहार आहे. पण मृताचं सहा पानी पत्र येण्याचा योग पहिलाच.

इकडे सर्व क्षेम. आलुबुखार यंदा फांद्या मोडेपर्यंत लागले. तुझ्या दुमजली घराच्या दारातल्या सिमेंटच्या सिंहांपैकी डावीकडच्याचा जबडा हिवाळ्यात गळून पडला; आता तो सिंहापेक्षा वुकाशिनमामासारखा दिसतो. परदेशात घाम गाळून बांधलेल्या आणि कोणीही न राहणाऱ्या घरांची आपल्या गावाला वाण नाही, त्यामुळे तुझं काही वेगळं उठून दिसत नाही.

तू लिहितोस, 'तुम्ही मला शोधत होता याची मला कल्पनाच नव्हती.' तेव्हा थोडी कल्पना देते.

ऑस्ट्रियात, लिंट्सला, तुझा फोन बंद पडला. खोलीच्या मालकिणीनं सांगितलं, सामान घेऊन गेला. बांधकामावरच्या लोकांनी सांगितलं, हिशोब चुकता करून गेला. पोलीस म्हणाले, सज्ञान माणसाला कुठेही जाण्याचा अधिकार आहे. या तिन्ही उत्तरांचा अर्थ कोणत्याही शहाण्या माणसाला उमगला असता. परंतु शोधकार्याचं नेतृत्व वुकाशिनमामाकडे होतं. मामा पहिल्या मोहिमेतून कॉफीचं यंत्र घेऊन परतला, दुसऱ्या मोहिमेतून हिवाळी टायर.

"आणि ल्युबिसाव?" आईनं विचारलं.

"धागेदोरे हाती आलेत," मामा टायर उतरवत म्हणाला. "पण ते आत्ता बोलता येत नाहीत."

ते पुढेही बोलता आले नाहीत. बसथांब्यांवर लावायला त्यानं तुझा पलटणीतला फोटो छापून घेतला होता, विसाव्या वर्षीचा, मिशीवाला. मी म्हटलं, "मामा, हा आता पन्नाशीला टेकलाय. टक्कल आहे." मामा म्हणाला, "टकलाचा फोटो लावून कोणाला दया येईल, गं?" त्यामुळे अख्ख्या लिंट्स शहरात लोक एका मिशाळ तरुणाला शोधत होते आणि तू त्याच्या खालून भाजीची पिशवी घेऊन जात असशील.

मिलुंका तुझी पतिव्रता पत्नी. ती डोंगरापलीकडच्या जाणतीकडे गेली. जाणतीनं तांब्यातल्या पाण्यात पाहिलं. म्हणाली, "मोठ्या नदीकाठी आहे. एका गोऱ्या बाईनं धरून ठेवलाय. जेवतो बरा." आम्ही सगळे हसलो. मामा तर म्हणाला, असल्या थापा ऐकून घेण्यापेक्षा मी आणखी एक फेरी मारतो. आता तुझ्या पत्रात डॅन्यूब नदी आहे, वाल्ट्राउट नावाची बाई आहे आणि तिच्या हातच्या डुकराच्या भाजलेल्या मांसाचं दीड पानभर वर्णन आहे. एवढ्या शोधसमितीत खरं बोलली ती एकटी बाई, आणि तिला आम्ही एक कोंबडी देऊन वाटेला लावलं.

घटस्फोट नावाची गोष्ट अस्तित्वात आहे, ल्युबिसाव. ती आपल्या गावातही पोचली आहे. लोकांनी पंधरवडाभर तुला चघळलं असतं आणि मग त्यांना दुसरं कोणी मिळालं असतं. पण तेवढा पंधरवडा सोसण्यापेक्षा तुला नाहीसं होणं सोपं वाटलं. लहानपणी खिडकीची काच फोडलीस की तू असाच कोठारात जाऊन बसायचास, आणि शोधून दमल्यावर आम्हीच तुला जेवायला वाढायचो. ती सवय आम्ही लावली; दोष तुला एकट्याला देत नाही.

मग आई म्हणाली, मी स्वतः जाते.

गुडघे धरलेले, तोंडात चार दात, जर्मन भाषेतला एक शब्द माहीत नाही. मी बरोबर गेले. तिनं तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणून घेतले होते. लिंट्सच्या भाजीबाजारात आम्ही हिंडत होतो, मी दुकानदारांना फोटो दाखवत होते, एवढ्यात आईनं माझी बाही ओढली. "चल. बस चुकेल." बस संध्याकाळची होती. मी म्हटलं, "आई, अजून अर्धा बाजार राहिलाय." ती म्हणाली, "तो इथे नाही. चल." बसमध्ये ती काही खाईना. ड्रायव्हर आपल्या इकडचा, बोर गावचा होता, उतरताना तिनं मोजे त्याला देऊन टाकले. मी समजले, म्हातारी थकली, आशा सोडली.

पुढच्याच रविवारी तिनं फर्मान काढलं: "ल्युबिसावचं पान मांडा." म्हणजे गेलेल्याच्या नावानं मांडतात ते.

इतकी वर्षं कोणी हा विषय काढला की तिच्या हातातला डाव त्याच्या दिशेनं जायचा; आता स्वतःच पीठ काढून बसली. आपल्या पाद्रीबुवांनी नियम सांगितला, की मरणाचा कागद नाही तोवर धर्माला हे मान्य नाही. मग ते जेवायला आले. प्रवचनात नकार आणि पंगतीत होकार, हे त्यांचं शास्त्र तुला ठाऊक आहेच.

तू तिकडे बरीच वर्षं काढलीस, म्हणून आठवण करून देते: आपल्याकडे गेलेल्याच्या वयाचा माणूस बोलावतात, त्याला गेलेल्याचे कपडे टोपीपासून बुटांपर्यंत चढवतात आणि गेलेल्याच्या जागी बसवतात. तो जे जेवेल ते पलीकडे पोचतं. आणि तेव्हापासून तो त्या घरचा. हे नातं एका जेवणापुरतं नसतं. सणाला त्याचं पान वाढलं जातं, अडल्या कामाला तो येतो, आणि दिलेलं परत घेत नाहीत.

तुझ्या वयाचे आणि मापाचे बाकी सगळे जर्मनीत आणि ऑस्ट्रियात. उरला त्राइलो. हो, तोच, तुझ्या बाकावरचा, गणिताची उत्तरं तुझ्याकडून उतरवून नापास झालेला. तुझा लग्नाचा सूट त्याला चढवला. पोटावर बटण लागेना. ओढून लावलं, तर पहिल्या घासालाच ते तुटून पाद्रीबुवांच्या रश्श्यात पडलं. आईनं त्याच्यापुढे शिजवलेला गहू ठेवला, मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "हे ल्युबिसावला पोचो." त्राइलो म्हणाला, "देव त्याला क्षमा करो," आणि भोकाड पसरून रडू लागला. मिलुंकासुद्धा इतकी रडली नाही. अर्थात तिला पुढच्या आयुष्यासाठी डोळे शाबूत ठेवायचे होते; ती आता झायेचारला एका औषधवाल्याच्या घरी राहते, सुखात आहे.

तू पत्रात विचारतोस, 'आईची काळजी कोण घेतं?' त्राइलो घेतो. गैरसमज नको, तो साधुपुरुष नाही. डॉमिनोच्या सोंगट्यांत लबाडी करतो, आपल्या भट्टीची दारू, राकिया, आपल्यालाच आणून दिल्याच्या थाटात पितो, आणि एक गोष्ट सांगायला घेतली की बकरीसुद्धा उठून जाते. पण नाताळच्या आदल्या दिवशी घरच्या मुलानं आणायची ओकची फांदी तो तोडून आणतो, आणि आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली की पाठीवर घेऊन गाडीत बसवतो. आई दिवसभर त्याच्यावर ओरडते. त्याला 'गाढवा' म्हणते. हा किताब एके काळी या घरात फक्त तुला होता. मी तिची लेक, पदवीधर, पण मला तिनं कधी तो दिला नाही.

तू लिहितोस की वाल्ट्राउटशी पटेनासं झालं (तिनं तुझी बॅग जिन्यात ठेवली, हे तू तीन निरनिराळ्या प्रकारांनी लिहून लपवलं आहेस), पाठ दुखते, आणि उरलेले दिवस आईच्या पायाशी काढावेत असं वाटतं. आईचे पाय संधिवातानं सुजलेत. त्यांच्याशी रोज गरम पाण्याचं घमेलं असतं आणि घमेल्याशेजारी त्राइलो असतो. तिथे जागा कमी आहे.

तुझं पत्र आलं ही बातमी पोस्टमननं चर्चपर्यंत पोचवली. शेजारची स्ताना धावत आली. "मेलेला पत्र टाकतो म्हणजे पान मांडण्यात काहीतरी कमी पडलं! मी तेव्हाच म्हटलं होतं, मासा अपुरा आहे." मामानं नवा शर्ट घातला, कारण त्याच्या मते शोधकार्य यशस्वी झालं आहे आणि आता टीव्हीवाल्यांना बोलवायला हवं.

आता जे लिहायचं टाळत चार पानं भरली ते लिहिते.

दुपारी आई ओट्यावर घेवड्याच्या शेंगा सोलत होती, त्राइलो पायरीवर बसून तिला मदत करण्याऐवजी सोललेले दाणे मोजत होता. मी पत्र वाचायला घेतलं. 'प्रिय आई, मी जिवंत आहे' एवढं वाचलं, तर आईचा हात थांबलासुद्धा नाही. त्राइलो मात्र उठून उभा राहिला. तुझाच कोट अंगावर होता, आता कामाला वापरतो तो. बटणं काढायला लागला.

"हे काय चाललंय?" आई म्हणाली.

"आई, माणूस जिवंत आहे म्हटल्यावर… त्याचा आहे कोट. बूट पण. बूट जरा झिजलेत, पण मी टाचा लावून देईन."

"खाली बस, गाढवा. तू वाच पुढे."

मी वाचलं. तुझी पाठ, तुझी स्वप्नं, लिंट्सच्या धुक्यात तुला येणारा आपल्या भट्टीचा वास. मग ते वाक्य आलं: 'तुम्ही मला शोधत होता याची मला कल्पनाच नव्हती.'

"खोटं," आई म्हणाली.

"काय खोटं?"

"बाजारात बघितलं मला त्यानं. मी त्याला बघितलं, त्यानं मला बघितलं. मग खाली बसला, फ्लॉवरच्या पेट्यांमागे. कान वर राहिले होते. कान मी ओळखीन की नाही?"

ल्युबिसाव, मी चाळीस मुलांच्या वर्गाला गप्प करणारी बाई आहे. तरी त्या घटकेला आईवर मीच ओरडले. म्हटलं, "अगं, तू मला म्हणालीस, तो इथे नाही!"

"नव्हताच. माझा मुलगा आईला बघून खाली बसत नाही." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "पोट सुटलं होतं. गाल लाल होते. स्वेटर चांगला होता. म्हणजे जिवाला काही झालं नव्हतं. काळजी मिटली. मग मी पान मांडलं."

त्राइलो हळूच म्हणाला, "मग मी इतकी वर्षं जेवतोय ते कुठे पोचतंय?"

"तुझ्या पोटात. दिसतंय की."

मी पेट्यांजवळच उभी होते. हातात मिशीवाला फोटो होता आणि मी तो भाजीवालीला दाखवत होते. तू तो बघितला असशील. तुझी ऐंशी वर्षांची आई काठी टेकत उभी, आणि तू फ्लॉवरमागे उकिडवा. पाठ तेव्हाच दुखावली असेल, दुसरं कारण मला दिसत नाही.

तू मागितलं आहेस: 'टेबलाशी माझी जागा रिकामी ठेवा.' मी आईला विचारलं, काय कळवू? येऊ दे म्हणू की नको? तिनं सोललेले दाणे पातेल्यात ओतले. मग म्हणाली, "या घरातून पाहुण्याला कोणी परत लावलेलं नाही."

एवढं बोलून ती उठली, भिंतीला धरत आत गेली आणि कपाटातून आंबट चेरींच्या मुरंब्याची बरणी काढली. घरच्या माणसाला हात लावू देत नाही, आल्यागेल्यापुढे चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवतो, ती. उजेडात धरून पाहिली. "खाली साखर बसलीय. गरम पाण्यात ठेव." मग मला पाठमोरीच म्हणाली, "तो अजून साखर कमीच खातो का गं?" मी काही बोलायच्या आत तिनंच झाकण लावलं. "असू दे. पाहुण्यानं पुढ्यात येईल ते खावं."

तेव्हा येणं व्हावं. पुढच्या फाटकानं यावं, मागचं कोठाराकडचं आता त्राइलो वापरतो. कुत्रा नवा आहे, ओळखणार नाही. फाटकाशी थांबून हाक मारावी. टेबलाशी खिडकीजवळची जागा पाहुण्यांची असते, तिथून बाग छान दिसते. त्राइलो आपल्या जागेवरून उठू पाहील, त्याला उठू देऊ नये. आई आपलं नाव विचारील. ते सांगावं, आणि या खेपेला उभं राहून सांगावं.

येण्याचा दिवस आधी कळवावा, म्हणजे पेले पुसून ठेवता येतील.

आपली नम्र,
स्तामेना
(आपण ज्यांच्याकडे उतरणार आहात, त्या घरची मुलगी)